‘ती लाकडं खरी आहेत का?’ कार्ले-भाजे लेण्यांच्या दोन सहलींचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका शहरातल्या कलारसिकांच्या गटाचं आहे. महिन्यातून एकदा जमायचं, पडद्यावर चित्रं किंवा इमारती पाहायच्या, दोन तास बोलायचं, असा गटाचा परिपाठ. सूत्रं दोघांच्या हाती होती. एक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत. दुसरी एक तरुण वास्तुविशारद, गटातली ‘ताई’. दोघांचा लेण्यांचा अभ्यास पक्का आणि तो वाटून टाकण्याची हौसही दांडगी.

पडद्यावरचं पाहणं पुरे, आता प्रत्यक्ष जाऊ, असं ठरलं आणि निवड झाली भाजे, बेडसे आणि कार्ले या तीन लेण्यांची. निवड उत्तमच होती. तिन्ही ठिकाणची चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची दालनं, एकाच घराण्यातली आहेत, अंतरं थोडी आहेत, आणि सुमारे तीनशे वर्षांचा प्रवास एका पट्ट्यात दिसतो: भाजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं, बेडसे त्यानंतरचं, तर कार्ल्याचं चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातलं. कार्ल्याचं दालन जवळपास ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख तिथे आहे. हे ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, जंबुद्वीपात उत्तम असल्याचं तो लेख सांगतो. कोरून घेणाऱ्यालाच इतका अभिमान होता म्हटल्यावर दाखवणाऱ्यांचा उत्साह उतू जाणारच.

पहिली खेप

डिसेंबरचा रविवार. एक बस, ४२ माणसं. आधी कार्ले, मग भाजे, शेवटी बेडसे. हा क्रम फक्त रस्त्याच्या सोयीने ठरला होता.

बस उशिरा निघाली आणि कार्ल्याच्या पायऱ्या चढून वर पोचायला साडेदहा झाले. चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचं मंदिर आहे आणि रविवारी दर्शनाची रांग अंगणातूनच जाते. देवीला येणाऱ्यांची ती वहिवाट जुनी आहे. चुकीच्या दिवशी आला होता तो गट. अंगणात उभं राहायला जागा नव्हती, म्हणून सरांनी सगळ्यांना थेट आत नेलं आणि स्तूपासमोर उभं राहून बोलायला सुरुवात केली. पन्नास मिनिटं. सातवाहन, क्षत्रप, धेनुकाकट गावच्या यवनांनी (म्हणजे ग्रीकांनी) दिलेले खांब, स्तंभशीर्षांवरची युगुलं, सगळं आलं. मागच्या तीस जणांना फक्त घुमणारा आवाज ऐकू आला.

मधेच एका बाईंनी विचारलं, “सर, ती वरची लाकडं खरी आहेत का हो? की नंतर बसवलीत?”

“सांगतो, आधी हे स्तंभशीर्ष पाहून घेऊ,” सर म्हणाले. ते सांगायचं राहूनच गेलं.

भाज्याला दुपारचे अडीच वाजले. तिथे ताईने विहारातल्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यातल्या, प्रसिद्ध शिल्पपटांवर, रथातला तो सूर्य की आणखी कोणी आणि हत्तीवरचा तो इंद्र की नाही या वादावर, पाऊण तास घालवला. चैत्यगृहाच्या वाट्याला दहा मिनिटं आली. बेडशाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पावणेपाच. चारशेच्या आसपास पायऱ्या पाहून नऊ जण चढले, बाकीचे बसमध्ये बसले. बेडसे पूर्वाभिमुख आहे. ओसरीतल्या उंच खांबांवरचे घोडे, हत्ती, बैल आणि त्यांच्यावरचे स्वार तोवर पार सावलीत गेले होते.

अडचण नेमकी कुठे होती

पुढच्या महिन्याच्या बैठकीला ११ जण आले. सरांनी एक साधा प्रयोग केला: कागद दिले आणि चैत्यगृह आत कसं दिसतं ते आठवून काढायला सांगितलं. चित्र चांगलं-वाईट हा प्रश्नच नव्हता. खांबांच्या ओळी किती, छताचा आकार कसा, स्तूप कुठे, एवढंच पाहायचं होतं. दोघांनी खांबांच्या पलीकडचा प्रदक्षिणापथ काढला. स्तंभशीर्षं जवळजवळ कोणालाच आठवली नाहीत, आणि पन्नासपैकी निम्मी मिनिटं त्यांच्यावर खर्ची पडली होती. छताच्या कमानदार लाकडी फासळ्या मात्र आठ कागदांवर होत्या. ज्या एका गोष्टीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं, तीच लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

इथे दोघांचं निदान वेगळं पडलं. सरांच्या मते दोष व्यवस्थेचा होता: गर्दी, उशीर, आवाज. ताईच्या मते व्यवस्था सुधारूनही तेच झालं असतं, कारण लोकांना उत्तरं मिळाली होती ती त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांची. दोघांचंही खरं होतं. पण ताईचं निदान मान्य केलं की पुढची सगळी आखणी बदलते, आणि सरांचं मान्य केलं की फक्त माइक आणावा लागतो.

व्यवस्थेचा भागही क्षुल्लक नव्हता. दगडी कमानदार दालनात आवाज बराच वेळ रेंगाळतो. तिथे मोठ्याने बोललं की आधीचा शब्द विरायच्या आत पुढचा त्यावर चढतो, म्हणून आवाज वाढवल्याने ऐकू येणं कमीच होतं. दुसरं म्हणजे डोळे. उन्हातून आत आल्यावर अंधाराला सरावायला सात-आठ मिनिटं तरी लागतात, आणि त्या वेळात कोणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. सरांनी खांबांचे बारकावे दाखवले ते नेमके या पहिल्या मिनिटांत.

कोणते पर्याय समोर होते

कानाला लावायची यंत्रं भाड्याने आणणं हा पहिला पर्याय. ऐकू आलं असतं, पण मग माणसं कानात आवाज आणि नजर भलतीकडे अशी फिरतात. शिवाय बोलणाऱ्याला थांबवून प्रश्न विचारायची सोय उरत नाही, आणि पहिल्या खेपेतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एक प्रश्नच होता. हा पर्याय सोडला.

आदल्या आठवड्यात पडद्यावर तयारी करून घेणं हा दुसरा. यावर बराच खल झाला. सरांना ते हवं होतं. ताईचा आक्षेप असा की छायाचित्रकार सगळ्यात चांगली जागा आणि सगळ्यात चांगला उजेड निवडतो. ते पाहून गेलेला माणूस लेण्यात त्याच चित्राशी ताळा जुळवत बसतो. शेवटी मधला मार्ग निघाला: आधीच्या बैठकीत लेण्याचं एकही चित्र दाखवायचं नाही, फक्त लाकडी घर कसं उभं राहतं ते दाखवायचं.

मग स्थळांची संख्या. तीन एका दिवसात बसत नाहीत हे उघड होतं, प्रश्न होता गाळायचं कोणतं. काळाच्या क्रमाने जायचं तर भाजे, बेडसे, कार्ले. उजेडाच्या क्रमाने जायचं तर पूर्वाभिमुख बेडसे सकाळी आणि पश्चिमाभिमुख भाजे-कार्ले दुपारनंतर. दोन्ही क्रम एकमेकांना छेद देतात. यातून वाट निघाली ती भाज्याच्या एका वैशिष्ट्यामुळे. भाज्याच्या चैत्यगृहाची दर्शनी भिंत लाकडाची होती, ती कधीच नाहीशी झाली. त्यामुळे समोरची बाजू सताड उघडी आहे आणि आत सकाळीही पुरेसा उजेड असतो. कार्ल्याला पुढे कोरलेली दगडी भिंत आहे, उजेड मुख्यतः वरच्या मोठ्या गवाक्षातून येतो, म्हणून तिथे दुपार कलल्यावरच जावं. म्हणजे भाजे सकाळी, कार्ले दुपारी तीननंतर, आणि बेडसे वेगळ्या दिवशी, पहाटे निघून. बेडसे गाळणं ताईच्या जिवावर आलं होतं, आणि ते साहजिक आहे. त्या अरुंद खडकाळ वाटेतून एकदम ओसरीसमोर येण्याची मजा दुसरीकडे नाही. पण पावणेपाचला दमलेल्या माणसांना दाखवलेलं बेडसे न दाखवल्यासारखंच.

एक पर्याय दोघांनीही विचारात घेतला नाही: स्थानिक वाटाड्याला बरोबर घेणं. त्याबद्दल पुढे.

दुसरी खेप

सुट्टी नसलेला वार धरला. नवरात्र आणि चैत्रातली यात्रा टाळली. नोकरदार गळाले, २० जणांनी नावं दिली, प्रत्यक्षात १९ आले. दहा आणि नऊ अशा दोन तुकड्या केल्या. एक आत असताना दुसरी बाहेर.

प्रश्न एकच ठेवला: दगडात लाकूड कशासाठी?

आधीच्या बैठकीत ताईने बांबूच्या कामट्यांचा नमुना केला. ६० बाय ३० सेंटिमीटरची लाकडी फळी, तिच्या दोन लांब कडांना भोकांच्या ओळी, ७० सेंटिमीटरच्या १२ कामट्या कमानीसारख्या वाकवून भोकांत खोचलेल्या, आणि वरून आडव्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. पहिल्या दिवशी कोरड्या कामट्या वाकवताना तडतड मोडल्या; रात्रभर पाण्यात भिजवल्यावर जमलं. भोकं सैल ठेवली होती, ती मुद्दाम. माथ्यावर तळहाताने दाब दिला की कमानींचे पाय बाहेर फाकतात. दुसरा नमुना केला त्यात भोकं आतल्या बाजूला कलती पाडली. दाब तोच, पण पाय फाकणं बरंच कमी. लोकांनी स्वतः दाबून पाहिलं. लेण्याचं नावही तिथे निघालं नाही.

भाज्याला नऊच्या सुमारास पोचले. अंगणात तीन मिनिटांचं बोलणं, हातात पोस्टकार्डाएवढा एकेक कागद, त्यावर दोनच ओळी: ‘इथलं काय नाहीसं झालं आहे?’ आणि ‘खांब सरळ आहेत का?’ मग दहा मिनिटं कोणीच बोलायचं नाही. मोबाइल खिशात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दारातच आहे. समोरच्या खडकात ठिकठिकाणी चौकोनी खोबणी दिसतात. तिथे लाकडी तुळया अडकवलेल्या होत्या. खोबणी पाहिली की नसलेली भिंत दिसू लागते. दुसऱ्या प्रश्नासाठी गवंड्याचा ओळंबा आणला होता. तो खांबाला लावायचा नाही, लेण्यात कशालाच हात लावायचा नाही. दालनाच्या मध्यावर उभं राहून हात लांब करून ओळंबा डोळ्यांसमोर धरायचा आणि दोरीच्या रेषेशी खांबाची कड ताडून पाहायची. भाज्याचे खांब अष्टकोनी, बिनशीर्षाचे, बिनतळखड्याचे, जमिनीतून थेट वर आलेले आहेत, आणि ते आत कलले आहेत. नुसत्या डोळ्यांना काहीतरी वेगळं जाणवतं. ओळंब्याने ते सिद्ध होतं.

इथे एकाने कामट्यांची आठवण काढली. लाकडी मांडवात खांब आत कलते लागतात, नाहीतर छत त्यांना बाहेर ढकलतं. पण हे छत डोंगराचं आहे. ते कोणालाच ढकलत नाही. मग कल कशासाठी? दोन-तीन मिनिटं शांतता होती, आणि त्या शांततेत कोणी उत्तर सांगून टाकलं नाही हे या खेपेचं मोठं यश म्हणायला हवं. नंतर एक गृहस्थ म्हणाले, “कोरणाऱ्यांच्या हाताला लाकडाची सवय असणार.” मग त्याच प्रश्नाच्या ओघात फासळ्या आल्या. भाज्याच्या छतातल्या लाकडांवर ब्राह्मीतले दोन लेख सापडले आहेत, म्हणजे ती लाकडं कोणी कालपरवा बसवलेली नाहीत, एवढं ताईने सांगितलं. पहिल्या खेपेत प्रश्न विचारणाऱ्या बाई याही वेळी आल्या होत्या. त्यांना उत्तर मिळायला तीन महिने लागले.

कार्ल्याला सव्वातीन. इथेही आधी अंगणात सिंहस्तंभापाशी थांबणं, मग आत शांतता. या वेळी पंधरा मिनिटं, कारण दालन मोठं आहे आणि अंधार जास्त. कागदावर: ‘छताने फासळ्यांना धरलंय की फासळ्यांनी छताला?’ आणि ‘भाज्याच्या खांबांचं इथे काय झालं?’

इथे विषय आपोआप फुलतो. खांब आता ओळंब्यात आहेत. दगडाला कल लागत नाही हे कोरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं दिसतं. एकूण ३७ खांब आहेत, त्यांपैकी दोन्ही बाजूंच्या १५-१५ खांबांना कुंभासारखे तळखडे आणि वर प्राण्यांवर बसलेली युगुलं, आणि स्तूपामागचे ७ मात्र भाज्यासारखे साधे अष्टकोनी. जिथे भक्ताची नजर ठरत नाही तिथे जुनी साधी रीत टिकली आहे. तळखड्याचा कुंभ हाही लाकडाचाच वारसा मानला जातो: लाकडी खांबाचं बूड ओल आणि वाळवीपासून वाचवायला मडक्यात बसवत असत. म्हणजे कल गेला, कुंभ आला, फासळ्या राहिल्या. फासळ्यांना उचलायला काहीच काम नाही. डोंगरच त्यांना वागवतो आहे. स्तूपावरचं लाकडी छत्रही पाहायचं, खालून, कारण नक्षी त्याच्या खालच्या अंगाला आहे. ८×४२च्या तीन दुर्बिणी आळीपाळीने फिरल्या.

विजेरी एकच होती, ताईकडे. ती समोरून मारली की शिल्प सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरली की उठाव उमटतो. बाजूच्या अंधाऱ्या वाटेत शिरून खांबांच्या मागच्या अंगाचे स्वार पाहायला ती लागतेच. दालनाच्या बाजूला हत्ती आहेत, मागे घोडे. मधल्या दालनातूनच फिरून परतणाऱ्याला घोडे कधीच दिसत नाहीत.

काय निष्पन्न झालं

तीन आठवड्यांनी १९ पैकी १६ जण बैठकीला आले. पुन्हा कागद. प्रदक्षिणापथ १३ जणांच्या चित्रात होता, सात जणांनी स्तूपामागचे साधे खांब वेगळे काढले. दोन्ही खेपांच्या आकड्यांची तुलना शास्त्रशुद्ध नाही. दुसऱ्या खेपेला आलेले मुळातच जास्त हौशी होते, आणि चित्र काढायला लावणार हे त्यांतल्या काहींना ठाऊक होतं.

जास्त बोलकं दुसरंच काही होतं. कार्ल्याच्या ओसरीत एका सभासदाच्या लक्षात आलं की बुद्धप्रतिमांचे काही पट मूळच्या कोरीवकामाशी मेळ खात नाहीत, वेदिकेची (कोरीव कठड्याची) पट्टी त्यांच्यापाशी तुटते. ते पट कित्येक शतकांनंतर कोरलेले आहेत हे खरंच आहे. हा मुद्दा आखणीत नव्हता. खोबणी शोधायला शिकलेला डोळा सांधेही शोधू लागला होता.

फसलेल्या गोष्टीही आहेत. दानलेखांपाशी सरांचा बांध फुटला आणि त्यांची तुकडी वीस मिनिटं मागे पडली, त्यामुळे दोन्ही तुकड्या आत एकत्र आल्या आणि ठरवलेली शांतता मोडली. कार्ल्याच्या साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या दोन ज्येष्ठांना झेपल्या नाहीत. गाडी निम्म्या वाटेपर्यंत जाते याची चौकशी कोणी केलीच नव्हती. भाज्याचे चौदा लहान स्तूप, ज्यांतल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं कोरलेली आहेत, ते धावतपळत उरकले. उजेडाचा अंदाजही थोडा चुकला: सूर्य अजून दक्षिणेकडे होता, त्यामुळे दुपारचं ऊन तिरपं पडलं. पश्चिमाभिमुख दालनात ऊन सरळ यायचं तर मार्चचा किंवा सप्टेंबरचा शेवट गाठावा लागतो, आणि सप्टेंबरला ढगांचा भरवसा नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या खेपेत तो प्रश्न आला त्या क्षणी सरांनी ठरवलेलं बोलणं सोडायला हवं होतं. ४२ माणसांसमोर ते अवघड असतं, हेही खरं. गट लहान ठेवण्याचं खरं कारण ऐकू येणं नसून हे आहे. दहा माणसांत बोलणारा माघार घेऊ शकतो.

वाटाड्याचा विचार व्हायला हवा होता. उजेड कोणत्या महिन्यात कुठे येतो, रांग कधी ओसरते, कड्याला आग्या मोहोळ कुठे लागलं आहे, हे जाणकार अभ्यासकापेक्षा तिथला रोजचा माणूस नेमकं सांगतो. मोहोळाची गोष्ट गमतीची नाही. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात आणि पायऱ्यांवरून पळायला जागा नसते. दुसऱ्या खेपेला याची सूचना कोणीच दिली नव्हती.

दोन तुकड्यांच्या वेळा कागदावर लिहून प्रत्येक तुकडीत घड्याळ पाहणारा एक जण ठेवायला हवा होता, बोलणाऱ्या व्यक्तीहून वेगळा. तिपाई नेणाऱ्या छायाचित्रकाराला भाज्याच्या दारातच थांबवलं गेलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्थळांवर तिपाईला आगाऊ परवानगी लागते, हे सूचनापत्रात असतं तर त्याचा अर्धा दिवस वाया गेला नसता. रेखाटनवहीला मात्र कोणी हरकत घेत नाही.

आणि प्रश्नाची निवड. ‘दगडात लाकूड’ हा प्रश्न भाजे-कार्ल्याला चपखल बसला, कारण दोन्हीकडे लाकूड अजून डोक्यावर आहे. बेडशाच्या छतात फासळ्या उरलेल्या नाहीत. वैशाखात नऊ जण तिथे सकाळी साडेसातला पोचले तेव्हा ताईने तोच कागद पुढे केला आणि तो तिथे अर्धाच लागू पडला. ओसरीतल्या खांबांवर कोवळं ऊन होतं, सगळे बाहेरच थांबले, आत जायला कोणी तयार नव्हतं. कागदं परत घेतली गेली. सर मागच्या पायरीवर बसून घोड्यांची रेखाटनं करत राहिले.